पोरगं बोलेनासं झालंय, फोन फोडून टाकू का?

सोलापूरहून एका आईचं पत्र आलं आहे. थोडं आवरून देते.

‘ताई, नमस्कार. आम्ही अशोक चौकाच्या मागे राहतो. मिस्टर टॉवेलच्या कारखान्यात आहेत, शिफ्ट बदलती असते. मी घरी शिवणकाम करते. मुलगा आठवीला आहे, सेमी इंग्रजीला, शाळा सकाळची. पाचवीपर्यंत वक्तृत्व स्पर्धेत बक्षिसं आणायचा. आता काही विचारलं तर “हं”, नाहीतर “माहीत नाही”. यांचा जुना फोन त्याच्याकडे असतो, त्यावर रात्री एक-एक वाजेपर्यंत रील्स बघतो. सहामाहीला मराठीचा निबंध चार ओळींत संपवला. इंग्रजीच्या पेपरात “यू” हा शब्द नुसत्या एका अक्षराने लिहिला. बाईंनी बोलावून दाखवलं, मला फार लाज वाटली. यांनी फोन काढून घेतला तर दोन दिवस धड जेवला नाही. शाळेचा अभ्यास व्हॉट्सॲपवर येतो म्हणून परत द्यावा लागला. आमच्या घरात तेलुगू बोलतात. नणंद म्हणते, तेलुगू बंद करा म्हणजे मराठी-इंग्रजी सुधारेल. सासूबाईंना तर दुसरी भाषा नीट येत नाही. काय करू? फोन फोडून टाकू का? होस्टेलला घालू का? सरकार यावर बंदी का आणत नाही?’

ताई, नमस्कार.

फोन फोडू नका. होस्टेलचा विचार तूर्त बाजूला ठेवा. आणि घरातलं तेलुगू कुणाच्याही सांगण्यावरून बंद करू नका. तुमच्या पत्रातली ही गोष्ट वाचून मी सगळ्यात जास्त अस्वस्थ झाले, म्हणून तिथूनच सुरू करते.

सोलापूरच्या तेलुगूभाषक पूर्व भागात वाढणारा मुलगा दिवसभरात काय काय करतो ते बघा. घरी आजीशी तेलुगू, वर्गात मराठी, खेळताना आपली सोलापुरी हिंदी, आणि शेजारपाजारची कन्नड कानावर पडतेच. दुकानदाराशी कसं बोलायचं, बाईंशी कसं, मित्राला कुठे तोडून बोललं तर चालतं आणि आजीला कुठे चालत नाही, हे त्याला कुणी फळ्यावर लिहून शिकवलेलं नाही. समोरच्याच्या चेहऱ्याकडे बघत बघत तो ते शिकला. ‘कम्युनिकेशन स्किल’ म्हणून ज्याचे क्लास निघतात, त्याचा पाया हाच आहे. घरची भाषा पक्की असली की पुढच्या भाषा तिच्या आधाराने येतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही किमान पाचवीपर्यंत, आणि जमलं तर आठवीपर्यंत व त्यापुढेही, शक्य असेल तिथे घरच्या किंवा स्थानिक भाषेतून शिकवावं असं म्हटलं आहे, ते याच विचाराने. तेलुगू बंद केलंत तर तो मराठी जास्त बोलेल असं नाही. ज्यांच्याशी तो अजून बोलतो त्यांतलं एक माणूस तेवढं कमी होईल. आणि त्या माणसाचं घरात काय होईल, याचाही विचार करा.

त्याच्या निबंधाला तेलुगूने धक्का लावलेला नाही. अडचण दुसरीकडे आहे.

रील बघताना मुलगा पुष्कळ ऐकतो, हे खरं. पण त्या बोलण्याला त्याच्या उत्तराची गरज नसते. समोरचा थांबत नाही, ‘कळलं का?’ विचारत नाही, याचा चेहरा पडला तरी सूर बदलत नाही. पंधरा-वीस सेकंदांत आवडलं नाही की अंगठा वर. आता घरातलं बोलणं कसं असतं? आजी एक गोष्ट सांगायला घेते, मध्येच चुलत्याच्या लग्नात शिरते, परत येते. ते ऐकायला धीर लागतो, मध्ये हुंकार द्यावा लागतो, कुठला धागा सुटला ते विचारावं लागतं. या धीराचा सराव सुटला की मुलाला निबंधही सुचत नाही. चार ओळींत त्याला जे माहीत आहे ते संपतं असं नव्हे. एका विषयापाशी पाचव्या ओळीपर्यंत थांबायची सवय मोडलेली असते.

यात मुलाच्या इच्छाशक्तीला दोष देण्याआधी ती वस्तू कशी बनवली आहे ते समजून घ्या. पूर्वी पान संपायचं, मालिकेचा भाग संपायचा, आणि तिथे माणूस उठायचा. बोटाने सरकवत राहिलं तरी कधीच न संपणारं पान २००६ मध्ये अझा रास्किन या तंत्रज्ञाने तयार केलं. त्याचा जो वापर पुढे झाला त्याबद्दल त्यांनी स्वतःच जाहीरपणे खंत व्यक्त केली आहे. त्यात भर म्हणजे कुठल्या व्हिडिओवर तुमचं मूल किती वेळ रेंगाळलं याची नोंद होते आणि पुढचा माल त्याप्रमाणे येतो. पुढे काय येईल ते माहीत नसतं, एखादं फार आवडतं, दहा कंटाळवाणी असतात, आणि त्या एकाच्या आशेने हात चालू राहतो. मोठी माणसं यात अडकतात. तेरा वर्षांच्या मुलाने स्वतःहून उठावं, अशी अपेक्षा धरून त्याच्यावर ओरडणं मला अन्यायाचं वाटतं. उठण्याची जागा आपण करून द्यायची.

म्हणून पहिलं काम झोपेचं. बाकी सगळं त्यानंतर. १३ ते १८ वयाच्या मुलांना रोज ८ ते १० तास झोप लागते. रात्री एकला झोपून सकाळच्या शाळेला जाणाऱ्या मुलाला त्यातले जेमतेम पाच मिळत असतील. अशा मुलाला वर्गात ऐकलेलं डोक्यात राहत नाही, बोलायचा उत्साह नसतो, कुणी काही विचारलं की तो चिडतो. त्याच्या ‘हं’मधला बराचसा भाग निव्वळ अपुऱ्या झोपेचा असू शकतो. रात्री साडेनऊनंतर घरातले सगळे फोन एका जागी चार्जिंगला लागतील असं ठरवा. स्वयंपाकघरातला कट्टा चालेल, तुमच्या शिलाई मशीनवरची फळी चालेल. सगळे म्हणजे तुमचाही आणि मिस्टरांचाही. रात्रपाळीला असलेल्या बापाचा फोन बरोबर लागणारच, ते मुलाला स्पष्ट सांगा, त्याला कळेल. पण घरी असताना बाप अंथरुणात व्हिडिओ बघतोय आणि मुलाला मनाई आहे, हे एक आठवडाही टिकणार नाही. सकाळच्या गजरासाठी साधं घड्याळ आणा, म्हणजे ‘अलार्मला लागतो’ हे कारण उरत नाही.

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगावचं नाव तुम्ही ऐकलं असेल. २०२२ पासून तिथे संध्याकाळी सातला भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही-मोबाइल बंद राहतात. मुलं अभ्यासाला बसतात. मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते हे की मोठ्यांचेही बंद असतात. अख्ख्या गल्लीला हे पटवणं तुम्हाला जमेल न जमेल, पण एका खोलीत जमण्यासारखं आहे. शिवाय सोलापूरला भोंगा काय ते सांगायला नको. सासूबाईंनी गिरण्यांच्या भोंग्यावर घर चालवलेलं बघितलं असेल.

हा जो मोकळा केलेला वेळ आहे तो ‘आता अभ्यास कर’ म्हणून भरून टाकू नका. निदान सुरुवातीला नको. पहिले काही दिवस तो धुसफूस करेल, कंटाळेल, भिंतीकडे बघत बसेल. बसू द्या. दोन दिवस न जेवण्याचा प्रसंग तुमच्याकडे झाला तो फोन अचानक हिसकावल्यामुळे. त्याच्या वर्गातले मित्र, क्रिकेटच्या टीमचा ग्रुप, कोणाचं काय चाललंय हे सगळं त्याच फोनमध्ये आहे. आपल्याला तो एक डबा दिसतो. त्याला मित्रांपासून तोडल्यासारखं झालं. म्हणून नियम आधी सांगा, त्याच्यासमोर बसून ठरवा, वेळ कोणती ते त्यालाही बोलू द्या. साडेनऊ की दहा यावर त्याने वाद घातला तर मनातून आनंद माना. ‘हं’ म्हणणारा मुलगा मुद्दे मांडतोय.

मग बोलणं कसं सुरू करायचं? ‘शाळेत काय झालं?’ हा प्रश्न सोडून द्या. त्याचं उत्तर ‘काही नाही’ हेच असतं, माझ्याही लहानपणी तेच होतं. त्याच्या फोनमधूनच सुरुवात करा. ‘आज काय भारी बघितलंस ते आजीला सांग.’ दाखवायचं नाही, सांगायचं. आजीने ते बघितलेलं नाही, आजीला तेलुगूतच कळतं, आणि आजी ‘कोण? कुठला? मग काय झालं?’ असं दहा वेळा विचारणार. आधी काय, मग काय, कोणती गोष्ट तिला मुळातच माहीत नाही म्हणून समजावून सांगावी लागेल, हे सगळं त्याला डोक्यात लावावं लागेल. निबंध म्हणजे याहून वेगळं काय असतं?

जानेवारीत ग्रामदैवत सिद्धरामेश्वरांची गड्ड्याची यात्रा येते तेव्हा तर आयतीच संधी आहे. नंदीध्वजांच्या, म्हणजे त्या उंच सजवलेल्या काठ्यांच्या, मिरवणुकीचे व्हिडिओ तो काढणार, त्यावर गाणं टाकणार, सगळी मुलं करतात. काढू द्या. त्याला एवढंच विचारा की हे सात नंदीध्वज कशाचे, भोगीला संमती कट्ट्यावर अक्षता पडतात त्या कोणाच्या लग्नाच्या? बाहेरगावच्या पाहुण्याला हे समजावून सांगायचं असेल तर कसं सांगशील? सिद्धरामेश्वरांशी लग्न करण्याचा हट्ट धरणारी कुंभारकन्या, त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी विवाह करायची दिलेली परवानगी, त्या योगदंडाचं प्रतीक म्हणून नंदीध्वज, आणि मग आज शहरभर निघणारी मिरवणूक. हे नीट ओळीने सांगायला पाच मिनिटं लागतात. वीस सेकंदांच्या चित्रात त्यातलं काहीही मावत नाही, हे त्याला सांगताना आपोआप लक्षात येईल. तोंडी जमलं की तेच वहीत लिहायला सांगा. किंवा त्याच व्हिडिओला स्वतःच्या आवाजात निवेदन द्यायला सांगा, आधी कागदावर लिहून. वक्तृत्वाची बक्षिसं आणलेल्या मुलाचा आवाज कुठे गेलेला नाही. त्याला बरेच दिवस श्रोता मिळालेला नाही, एवढंच.

आजीची मुलाखत हाही एक उद्योग त्याला देता येईल. मागावर कोण कोण बसायचं, गिरणीतल्या कामाच्या वेळा कशा असायच्या, लग्न होऊन सोलापुरात आली तेव्हा घर कुठे होतं. फोनवर रेकॉर्ड करायचं, मग ऐकत ऐकत तेलुगूतून मराठीत लिहून काढायचं. एका रविवारी एकच पान झालं तरी पुरे. एका भाषेतलं दुसऱ्या भाषेत नेताना शब्द निवडावे लागतात, वाक्य मोडून परत जुळवावं लागतं. मराठीचा इतका चांगला व्यायाम मला तरी दुसरा माहीत नाही. आणि फोन त्यात त्याच्या कामाला येतो.

आता पेपरातल्या त्या एका अक्षराबद्दल. त्याची फार लाज बाळगू नका. मेसेजमधली आखूड स्पेलिंग वापरणाऱ्या शाळकरी मुलांवर ब्रिटनमध्ये अभ्यास झाले, त्यांत अशी मुलं वाचन-स्पेलिंगमध्ये मागे पडतात असं दिसलं नव्हतं. मित्राला कसं लिहायचं आणि पेपरात कसं, हा फरक सांगितला आणि सरावाने बसवला की तो बसतो. मला मराठीची चिंता जास्त वाटते. आपली मुलं मित्रांना मराठी मेसेज लिहितात ते इंग्रजी अक्षरांत. त्यात ऱ्हस्व-दीर्घ नाही, जोडाक्षर नाही, ‘ण’ आणि ‘न’ वेगळे नाहीत, ‘श’ आणि ‘ष’ वेगळे नाहीत. देवनागरीत टाइप केलं तर दोन अक्षरं दाबताच फोन पूर्ण शब्द पुढे करतो. म्हणजे परीक्षा सोडली तर मराठी हाताने लिहिण्याचा प्रसंगच येत नाही. दोन वर्षांनी दहावी आहे. मराठीच्या ८० गुणांच्या पेपरात २४ गुण एकट्या उपयोजित लेखनाला असतात. पत्र, सारांश, बातमी, जाहिरात, कथा, निबंध, सगळं स्वतःच्या मनाने लिहायचं. तिथे गाइडमधलं पाठ केलेलं फार लांब जात नाही.

म्हणून रोज अर्धं पान हाताने. विषय साधा. किराण्याची यादी त्यालाच लिहायला लावा. मिस्टर रात्रपाळीला असतील तेव्हा त्यांच्यासाठी चिठ्ठी लिहून ठेवू दे, आणि मिस्टरांना सांगा की त्या चिठ्ठीला दोन ओळींचं उत्तर लिहायचंच. घरात बाप-लेकाची भेटच होत नसेल अशा आठवड्यांत ही चिठ्ठी फार कामाला येईल. लाल पेनाने चुका काढत बसू नका. वाचा, आणि त्यात काय म्हटलंय त्यावर बोला. चुका बाई दाखवतील. सुट्टीत हिराचंद नेमचंद वाचनालयात घेऊन जा आणि त्याला हवं ते पुस्तक उचलू दे, क्रिकेटचं असो, भुताचं असो.

फोनच्या सेटिंगबद्दल थोडक्यात सांगते. इन्स्टाग्रामवर खातं उघडायला किमान वय १३ लागतं. १८ च्या आतल्या मुलांसाठी आता वेगळी ‘टीन’ खाती असतात. ती आपोआप खासगी राहतात, रात्री १० ते सकाळी ७ नोटिफिकेशन वाजत नाहीत, आणि १६ च्या आतल्या मुलाला हे सैल करायचं असेल तर पालकाची परवानगी लागते. अडचण अशी की पुष्कळ मुलांनी खातं उघडताना जन्मसाल खोटं टाकलेलं असतं, मग यातलं काहीच लागू होत नाही. तेव्हा त्याच्या शेजारी बसून, न रागावता, जन्मसाल काय टाकलंय ते एकदा बघा.

शाळेशी बोलायलाच हवं. फोन परत द्यावा लागला त्याचं कारण शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, आणि ही अडचण तुमच्या एकट्या घराची नाही. पालक-शिक्षक संघाच्या सभेत उभं राहून विचारा, अभ्यास वर्गातच फळ्यावरून वहीत उतरवून देता येईल का? ग्रुपवर टाकायचाच असेल तर संध्याकाळी सातच्या आत टाकाल का? बाईंना यात त्रास देतोय असं वाटून घेऊ नका, संध्याकाळी फोनपासून सुटका त्यांनाही हवीच असते. तोवर तुमच्या घरी असं करा : अभ्यास तुमच्या फोनवर घ्या, त्याने तो वहीत उतरवायचा आणि फोन परत करायचा. ‘असर’ या देशव्यापी शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांना याबद्दल विचारलं होतं. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी ५७ टक्के मुलांनी आदल्या आठवड्यात फोनवर अभ्यासाचं काही केलं होतं, आणि ७६ टक्के मुलांनी सोशल मीडिया वापरला होता. ‘अभ्यासासाठी लागतो’ हे खोटं नाही, पण अर्धंच खरं आहे. फोनचा शिक्षणात चांगला उपयोग होत नाही असंही म्हणवत नाही. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आणण्याच्या कामासाठी ज्यांना २०२० चा ग्लोबल टीचर प्राइझ मिळाला ते रणजितसिंह डिसले गुरुजी तेव्हा आपल्याच जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत शिकवत होते. तिथे फोन धड्यापाशी नेतो, आणि धडा कुठेतरी संपतो.

बंदीचं विचारलंत. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्या मुलांना अशा प्रमुख माध्यमांवर खातं ठेवायला मनाई केली आहे. आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ च्या आतल्या मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यावी असं म्हटलं आहे. असे नियम हवेतच, कंपन्यांवर जबाबदारी यायलाच हवी, सगळं ओझं आयांच्या डोक्यावर टाकणं मला मान्य नाही. पण तुमचा मुलगा आत्ता आठवीत आहे, आणि कायद्याची वाट बघण्याइतका वेळ त्याच्याकडे नाही.

एक गोष्ट मात्र नीट पारखून घ्या. तेराव्या वर्षी मुलगे आईशी कमी बोलतात, तो वयाचा भाग आहे. मित्रांत तो हसतो-खिदळतो का, खेळायला जातो का, ते बघा. तिथेही गप्प असेल, खाणं-झोप बिघडलेलीच राहिली, शाळेत जायला नको म्हणत असेल, फोन वाजला की दचकत असेल किंवा पैसे मागत असेल, तर हा रील्सचा प्रश्न नाही. कुणीतरी त्याला ऑनलाइन त्रास देत असेल, धमकावत असेल. अशा वेळी फोन काढून घेण्याची धमकी दिलीत तर तो काहीच सांगणार नाही. ‘काहीही झालं असलं तरी मी तुझ्या बाजूने आहे’ हे आधी सांगा. मुलांसाठी १०९८ आणि मनाच्या त्रासासाठी टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही क्रमांक मोफत आहेत, दिवसरात्र चालतात.

आणि नणंदेला वाईट न वाटू देता सांगा, की आठवड्यातून एकदा घरी येऊन भाच्याशी तासभर तेलुगूतच गप्पा मारायच्या. त्याला आजीची मुलाखत लिहायची आहे, आणि आजीला न आठवणाऱ्या बऱ्याच गोष्टी आत्याला आठवत असतील.